इकेदीचा पाम

"वाढ रे पामा, वाढ रे बाळा, एकाच मातीचा दोघांना लळा."

आईचा हा आवाज उगोन्माच्या कानात लहानपणापासून होता. धाकटा इकेदी जन्मला तेव्हा आईनं त्याची नाळ परसात पुरली, वर पामचं रोप लावलं, आणि पाणी घालताना ती हेच गुणगुणायची. मोठा झाल्यावर इकेदी समुद्रापार निघाला. नाव बुडाली, देह सापडला नाही. आई आता एनुगू शहरात राहते. नाताळात तेवढी गावी येते, त्या बुंध्याला मिठी मारते आणि परत जाते.

आणि आज न्वाफोर सरांनी त्याच बुंध्यावर चुन्याची फुली मारली होती.

उत्खनन शिबिराच्या पहिल्या सकाळीच सर म्हणाले होते, "या गावचं कुणी असेल तर आत्ताच सांगा आणि घरी जा. मागच्या खेपेला गावच्या पोरांनी काकामामांची भांडणं चरात आणली." उगोन्मा गप्प बसली. पदवी या शिबिरावर अडली होती, आणि गाव इतक्या लहानपणी सुटलेलं की तिला ओळखणारं इथं कुणी नव्हतं.

"मुळ्या थेट भट्टीत शिरल्यात," सर म्हणाले. "लोखंड गाळायची एवढी जुनी भट्टी, आणि हे झाड तिची वाट लावतंय. काढा."

"चर थोडा वळवूया ना, सर," उगोन्मा म्हणाली.

"चर म्हणजे काय रिक्षा आहे, वाटेल तिथं वळवायला?"

तिच्या वर्गातला टोबेन्ना कुऱ्हाड घेऊन उभाच होता. "झाडावर एवढा जीव? आमच्या उगोला नवरा मिळाला वाटतं."

सगळे हसले. तिनं हातातली थापी एवढी आवळली की कड तळव्यात रुतली. सर काही परके नव्हते. त्यांचीही नाळ कुठल्या तरी झाडाखाली असणार. ही रीत तेच फळ्यावर लिहून शिकवायचे, परीक्षेत तिच्यावर प्रश्न घालायचे. मग पडक्या घराच्या परसात एकटं उभं झाड बघून एकदा तरी विचारायचं, हे कुणाचं म्हणून. लागोसमधल्या तिच्या काकांनी फोनवर परवानगी दिली ती जमिनीची. झाडाचं नाव कुणी काढलंच नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त चीड तिला स्वतःच्या मिटलेल्या तोंडाची आली.

टोबेन्नानं घाव घातला. ओला, गोडसर वास सुटला.

उगोन्मा चरातून वर आली आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी. लागेल," सर म्हणाले.

"लागू दे."

"हा काय तमाशा? मार्क हवेत ना तुला?"

"मार्क राहू द्या तुमच्याजवळ." तिचा आवाज चढला नाही. "नाळ कुठं पुरतात, असं परीक्षेत विचारता ना, सर? मी याच गावची. हे घर आमचं. या झाडाखाली माझ्या भावाची नाळ आहे. त्याचं दुसरं काहीही आम्हाला पुरायला मिळालं नाही."