दुसऱ्याच्या नावचा उपास

“नवी वस्तू आधी पुजायची, मग वापरायची. अन् पुजताना हात आखडायचा न्हाई!”

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, तरी मिरजगावच्या कडूबाईच्या कानात त्यांचा हुकूम ताजाच होता. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या पौषात संस्थेचा सोलर कुकर अंगणात आला, तेव्हा तिनं पेटीच्या काचेला हळदीचा जाड लेप दिला, वर कुंकवाची बोटं ओढली आणि आरशाला झेंडूची भरघोस माळ घातली. साक्षात सूर्यनारायण रांधायला येणार. त्याला कोरडं कसं बसवायचं?

आठवडाभर भात कच्चाच राहिला. तिनं तो गुपचूप चुलीवर शिजवून घेतला. देवाची अब्रू चारचौघांत कशाला घालवा! पण धुरानं डोळे चुरचुरले की पेटीकडे बघून जीव हळहळायचा. ही पेटी दारातून जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारी संस्थेचे भीमराज सर तपासणीला आले. शेजारची बनुबाईही हजर.

“सर, पेटीचे अर्धे पैसे जर्मनीवाल्यांनी का भरले वो?” बनुबाईनं विचारलं.

“मावशी, तिथल्या कारखान्याचा धूर कमी करायला फार खर्च येतो. इथली चूल विझवणं स्वस्त. आभाळ एकच, म्हणून इथं वाचलेला धूर ते स्वतःच्या नावावर मांडतात.”

“म्हंजी धूर त्यांनी करायचा अन् चूल आमी विझवायची?”

“त्यात काय नवल?” कडूबाई हळूच म्हणाली. “मालकांच्या नावानं गुरुवार मी धरते. मालक त्या दिशी भजी खात्यात.”

ओट्यावर बसलेल्या मालकांना, राधाकृष्णांना, ठसका लागला.

सर हसले, पण डबा उघडताच हसू मावळलं. तांदूळ पाण्यात निवांत बसले होते. सरांची नजर काचेवरच्या हळदीवर अडखळली. पण दुसऱ्याच्या देवाला बोट कसं लावायचं?

“ऊन आत जायला पाहिजे, मावशी,” ते एवढंच म्हणाले. “पेट्या दिलेल्या पाचही घरांत हेच आहे. पेट्या परत पाठवाव्या लागतील.”

“पाचही?” कडूबाई चपापली. आक्काबाईसकट बाकी चौघी पूजेची रीत तिलाच विचारून गेल्या होत्या. जर्मनीची पेटी पाच घरांत पोचली होती, आणि तिच्या मागोमाग कडूबाईची हळदही.

“सर, परवा या. पाचही घरांत भात शिजलेला दावते. शब्द हाय माझा.”

“आणि नाही शिजला तर?”

“तर एक उपास जर्मनीच्या नावानं धरीन.”

सरांची मोटारसायकल जामखेडच्या रस्त्याला लागली. कडूबाईनं सूर्याला हात जोडून मनातल्या मनात माफी मागितली. मग पाण्याची कळशी कमरेवर घेतली, फडकं खांद्यावर टाकलं, आणि कुणाला काही न सांगता ती आक्काबाईच्या घराकडे निघाली.