माझे नवे हात आणि डोमाचे तेल

मित्रांनो, मी एक जुना साखळीचा ट्रॅक्टर आहे. निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत तरी मी नक्की जुना होतो. आता मला कुणी वय विचारले की मी गोंधळतो. माझे इंजिन जुने, साखळ्या त्याहून जुन्या, पुढचे दोन हात कुठल्याशा मोडक्या लोडरचे, आणि पोटातले तेल... त्या तेलाची गोष्ट पुढे येईलच. तेव्हा मी जुना की नवा, आणि मुळात मी एकटा आहे की चार-पाच जण मिळून मी झालो आहे, हे तुम्हीच ठरवा. माझ्याने काही ठरत नाही.

जन्माचेही तसेच. माझ्या छातीवर एक पितळी पाटी होती म्हणे. तिच्यावर माझे नाव, गाव, सगळे कोरलेले होते. ती कुणीतरी काढून भंगारात विकली. तेव्हापासून एक जण म्हणतो मी रशियातून आलो, दुसरा म्हणतो विलायतेतून. मला आठवते ते एका कालव्याचे काम आणि तिथली न संपणारी धूळ. काम संपले, माझा लिलाव झाला आणि लाखनीजवळच्या एका गावातल्या बाबुलालने मला विकत घेतले. डोमा हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मालक बाबुलाल, चालवणारा डोमा, आणि राबणारा मी.

आमच्या भागात धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चाकाचा ट्रॅक्टर रुतला की बैल लावून ओढावा लागतो. मी साखळ्यांवर चालतो, म्हणून रुतत नाही. बांध्या सपाट करायच्या, बोडीतला, म्हणजे शेतांना पाणी देणाऱ्या तळ्यातला, गाळ काढायचा, तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती चढवायची, अशी कामे मी गावोगाव केली. असाच एका बोडीवर आमचा मुक्काम असताना भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. संध्याकाळी मला भंडारा जिल्ह्यात बंद केले आणि सकाळी गोंदिया जिल्ह्यात सुरू केले. मी जागचा तसूभर हललो नव्हतो. डोमा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "का गा, झोपल्या झोपल्या परजिल्ह्यात आला ना बे तू!" तो पोट धरून हसला. मला मात्र त्यात हसण्यासारखे काय होते ते आजही उमगलेले नाही.

त्या काळी माझे माती लोटायचे पुढचे पाते तारेच्या दोरावर चालत असे. डोमाने दांडी ओढली की पाठीमागच्या ढोलावर दोर गुंडाळला जाई, डोक्यावरच्या लोखंडी कमानीतल्या पुलीवरून पुढे येई आणि पाते उचली. खाली आणायला काहीच करावे लागत नसे. दांडी सोडली की पाते आपल्या वजनाने धपकन पडे. उचलायचे ते डोमाने आणि पडायचे ते मी, अशी आमची वाटणी होती. मित्रांनो, खरे सांगतो, आयुष्यात पुरती कळलेली अशी ती एकच गोष्ट.

डोमा मला बैलच समजत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, लोक बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतन देतात. बाबुलालचे घर बौद्ध. त्यांच्याकडे माझी पूजाबिजा होत नसे, पण डोमाला कुणी अडवतही नसे. तो जवसाच्या तेलाची वाटी घेऊन यायचा, कमानीवर चढून पुलीला तेल द्यायचा, साखळ्यांच्या खिळ्यांना चोळायचा आणि माझ्या कानाशी, म्हणजे धुराड्याशी, वाकून म्हणायचा, "आज आवतन घे गा, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी मी कुठे जायचे, ते तो कधीच सांगत नसे. मी आपला तिथेच उभा.

मग बाबुलाल वारला. घराची घडी विस्कटली, मुलगा अश्वजित लाखनीला हायवेवरच्या गॅरेजात कामाला लागला आणि मी मोहाच्या झाडाखाली उभा राहिलो तो राहिलोच. माझ्या बसण्याच्या जागेवर कोंबडी अंडी घालू लागली. दोराची एकेक तार सुटून कुसळासारखी उभी राहिली. कुणी विचारले तर मालनबाई, बाबुलालची बायको, "विकायचा नाई," एवढेच म्हणे. डोमा मात्र दर खांदशेकणीला यायचा, कोंबडी उठवायचा, तेल द्यायचा आणि खाली मान घालून परत जायचा. त्या वर्षांत मला त्याची फार वाट पाहावी लागे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

एका उन्हाळ्यात अश्वजित टेम्पोत लोखंड भरून आला.

"माय, ह्याले हायड्रोलिक लावतो," तो म्हणाला. "दोराचं पातं आपल्या वजनानं पडते, कडक जमिनीत शिरतच नाई. तेलाच्या जोरानं दाबलं तं कुठीबी शिरते. मंग काम भेटते."

"लाव," मालनबाई म्हणाली. "पण वरची कमान कापू नको. तुझ्या बापानं सोताच्या हातानं उभी केली हाये."

"तिचं आता काई कामच नाई रायलं, माय."

"नसू दे ना. कापू नको."

अश्वजितने कमान राखली, पुली राखली, बाकी सगळे बदलले. ढोल आणि दोर गेले. इंजिनाला एक पंप बसला, बाजूला तेलाची टाकी बसली, काळ्या नळ्या माझ्या अंगभर फिरल्या आणि पात्याला दोन सिलिंडर लागले. हेच माझे नवे हात. डोमा चढून बसला. त्याने दांडी ओढली, पाते उचलले गेले. त्याने सवयीने दांडी सोडली आणि धपकन आवाजाची वाट पाहत राहिला.

पाते वरच. मीही वाट पाहत होतो. मी पडायचे ना?

"काहून पडत नाई बे?" डोमा ओरडला.

"काका, सोडून नाई पडत आता," अश्वजित हसत म्हणाला. "खाली दाबा लागते."

डोमाने दाबले. पाते जमिनीला टेकले, तरी तो दाबतच राहिला, आणि अहो काय सांगू, माझेच तोंड वर उठले! माझ्या साखळ्या पुढून अधांतरी झाल्या. माझ्याच हातांनी मला उचलले होते. तेव्हापासून उचलणारा कोण आणि पडणारा कोण, हा घोळ माझ्या डोक्यात आहे तो आजवर सुटलेला नाही.

तरी कामे झाली. कडक मुरूम मी लोण्यासारखा कापू लागलो. लोक बघायला येत. वासुदेवराव म्हणून गावातले एक मोठे शेतकरी, त्यांचा लालभडक चाकाचा ट्रॅक्टर चिखलात फसला की आम्हीच काढायचो, आणि डोमा सगळ्यांसमोर त्यांना चिडवायचा, "कोण कोणाले वढून रायला जी, वासुदेवराव?" वासुदेवराव लालेलाल होत आणि ट्रॅक्टर सुरू करून निघून जात.

आता खांदशेकणी आली. डोमा न्हाऊन, धुतलेला सदरा घालून आला. त्याने शिंगे मिरवावीत तसे माझे पाते उंच उचलून ठेवले. पुलीला तेल दिले. मग त्याने टाकीचे झाकण उघडून आत पाहिले. पाते वर असले की टाकीतले तेल हातांत गेलेले असते, म्हणून आत कमी दिसते. हे डोमाला ठाऊक नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. "उपाशी हायेस का गा?" असे म्हणून त्याने घरून जवसाच्या तेलाचा मोठा डबा उचलून आणला आणि सगळा माझ्या पोटात ओतला. वर्षभर पुरावे म्हणून घाण्यावरून काढून आणलेले घरचे तेल! मला फार भरून आले. एवढे मला कधीच कुणी जेवू घातले नव्हते.

पोळ्यानंतर उरलेल्या पावसाळ्यात मला काम नसते. मी उभा राहिलो आणि पोटात काहीतरी जड जड वाटू लागले. मायेने वाटत असेल, असे मी समजलो.

हस्ताचा पाऊस लागला. कितीतरी दिवस तो पडतच होता. तो उघडला त्या सकाळी गावात ओरड झाली, की बोडीची पाळ एका अंगाने खचली आहे आणि तिच्यातून पाणी झिरपते आहे. खाली सगळ्या गावाचा धान निसवायला आला होता. त्याला शेवटचे पाणी याच बोडीतून मिळायचे. बोडी फुटली तर खालच्या बांध्या वाहून जाणार आणि बाकीच्या पाण्यावाचून पोचट राहणार. मालनबाईची बांधी तर पाळीच्या अगदी पायाशी. दुसरे कुठलेही यंत्र त्या चिखलातून तिथवर पोचले नसते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी गेलो. पाते खाली आले, मातीत घुसले, मातीचा ढीग पुढे लागला. डोमाने दांडी वर ओढली. पंप किंचाळला. पाते काही उठेना. त्याने पुन्हा ओढली. मी जोर लावला, पण माझे हात माझे ऐकत नव्हते. धड उचलणेही नाही आणि पडणेही नाही. पाळीतून पाण्याची धार आता बोटाएवढी झाली होती.

अश्वजितला फोन गेला. रस्त्यावरच्या नाल्याला पाणी होते, तो मोटारसायकल ढकलत कसाबसा पोचला. त्याने टाकीतली तेल गाळायची जाळी काढली. तिच्यावर पिवळे, चिकट कातडे बसले होते. त्याने ते नाकाशी नेले आणि हळूच डोमाकडे पाहिले.

"मीच टाकलो," डोमा म्हणाला.

"काका, गाड्याच्या लाकडी चाकाले जवसाचं तेल कायले लावतो आपण? वाळून कातडं धरते म्हनूनच ना? मंग थे पोटात कसं टाकले तुमी?"

डोमाने माझ्या पात्यावर हात ठेवला. "जुना हाय ना थो. जुन्याले जुनंच तेल मानवते, असं वाटलं मले."

मालनबाई पाळीच्या धारेकडे पाहत म्हणाली, "आता काय पायजे, थे सांग."

"हे सारं काढून डिझेलनं धुतो. पण भरायले तेल पायजे, आन् लाखनीवरून पिंप येत नाई ह्या पाण्यात. गावातल्या टॅक्टरायच्या हायड्रोलिकमधलं चालते. पण थे काढलं तं त्यायचे टॅक्टर उभे राह्यतीन."

डोमाने डबा उचलला. "मी मागतो," तो म्हणाला आणि चिखल तुडवत निघाला.

तो पहिल्यांदा वासुदेवरावांच्याच दारात गेला, हे मला मागाहून कळले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग डोमा, आता कोण कोणाले वढून रायला?" डोमा खाली मान घालून म्हणाला, "तुमीच जी." वासुदेवरावांनी अंगातला सदरा काढला, आपल्या लालभडक ट्रॅक्टरखाली ते स्वतः आडवे झाले आणि तळाचे बूच खोलले. मग गावातल्याच भोजराजच्या घरून, मग आणखी दोन-तीन घरांतून डबे आले. प्रत्येक तेलाचा रंग वेगळा होता. कुणाचे सोनेरी, कुणाचे काळपट, कुणाचे नुसतेच जुने. ते सगळे फडक्यातून गाळून माझ्या डिझेलने धुतलेल्या पोटात गेले.

डोमाने दांडी ओढली. माझे हात हलले, आणि पाते उठले. मी कुणाच्या जोरावर उठलो, मित्रांनो? चिखलात फसणाऱ्या, ज्यांना मी वर्षानुवर्षे ओढून काढले त्या ट्रॅक्टरांच्या जोरावर. ते आपापल्या अंगणात रिकाम्या पोटाने उभे होते आणि मी पाळीवर माती ढकलत होतो. दिवस कलता कलता धार थांबली. मालनबाई पाळीवरून उतरून आपल्या बांधीत गेली आणि निसवत्या धानावरून तिने नुसता हात फिरवला.

धान चांगला झाला. नवे तेल आले, ज्याचे त्याला परत गेले. माझ्या पोटात मात्र कुणाकुणाचे थेंब राहिले असतील, ते मला वेगळे काढता येत नाहीत.

पुढच्या खांदशेकणीला डोमा येईना. मी वाट पाहत राहिलो. ऊन उतरल्यावर अश्वजितच त्याच्या घरी गेला आणि त्याला घेऊन आला. डोमाच्या हातात रिकामी वाटी होती. अश्वजितने तिच्यात जवसाचे तेल ओतले आणि कमानीकडे बोट दाखवले.

"काका, टाकी माही. पुली तुमची."

ती पुली आता काहीच ओढत नाही. तिच्यातून दोरही जात नाही. डोमा हळूहळू कमानीवर चढला आणि तिला चारही बाजूंनी तेल दिले. मग बोटाने फिरवली. ती आवाज न करता बराच वेळ फिरत राहिली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्यांना माया लावा, जरूर लावा, पण आधी विचारत जा. आम्ही बदललेले असतो आणि कधी कधी आमचे आम्हालाच ते माहीत नसते.

उतरताना डोमा धुराड्याशी वाकला. "आज आवतन घे गा, उद्या जेवाले ये," तो म्हणाला, आणि हळूच पुढे म्हणाला, "काय खाशीन थे पोट्ट्याले इचारून ठेवतो."