बाकाची उंची

शेवंती नव्या शाळेसाठी आलेल्या नमुन्याच्या बाकावर बसली तेव्हा तिचे गुडघे लिहायच्या फळीला खालून टेकले. तिथे दोन बोटांची फट राहायला हवी होती. माणिकताईंनी वाकून पुन्हा पाहिलं. फट नव्हती.

"सुतारानं घोटाळा केला," त्यांचे यजमान श्यामकांत म्हणाले. "चारकोपच्या कारखान्यात मी स्वतः मापं देऊन आलो होतो. आता सगळेच बाक असे आले तर वाट लागली."

माणिकताईंनी शिवणाच्या डब्यातली टेप आणून बाक मोजला. सुताराचं काहीच चुकलं नव्हतं. मापं त्यांनीच काढली होती, दोन वर्षांपूर्वी, याच स्वयंपाकघराच्या दारात शेवंतीला स्टुलावर बसवून. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, मग मांडीपासून कोपरापर्यंत. मुलुंडच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. अंदाजानं सांगितलेलं माप त्यांना चालत नसे. "वाडीतल्या मुलांचं माप वाडीतल्याच मुलीवरून घ्यायला हवं," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या आणि वाडीत शाळा बांधणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींना ते फार आवडलं होतं.

बाक बरोबर होता. मुलगी वाढली होती.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या. शेवंती उठली आणि अर्धी राहिलेली गवार मोडायला आत गेली.

करंजखोल ही सह्याद्रीच्या कड्याखालची वाडी. श्यामकांत आणि त्यांचे डोंगर चढणारे मित्र तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा वाडीतली मुलं ओढा ओलांडून खालच्या गावात शाळेला जात, आणि पावसाळ्यात ओढा भरला की घरीच बसत. तिथे शाळा बांधायची, असं मित्रांनी ठरवलं. परवानग्या निघायला वेळ लागला. सिमेंट-वाळू माणसांच्या पाठीवरून वर चढली, त्यालाही लागला. अशाच एका फेरीत श्यामकांत शेवंतीला सोबत घेऊन आले. ती तिसरी पास झालेली होती. श्यामकांतांच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या. "आईला सोबत होईल आणि हिला इथल्या शाळेत घालू," ते म्हणाले होते, "येत्या जूनमध्ये."

त्या जूनमध्ये आईंचं दुखणं वाढलं. पुढच्या जूनमध्ये दाखला वेळेवर आला नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये काय झालं होतं, ते माणिकताईंना आता आठवत नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर आई गेल्या आणि शेवंती राहिली. तिला कामवाली असं घरात कुणी कधी म्हटलं नाही. "आमच्या घरातलीच आहे ती," असं शेजाऱ्यांना सांगितलं जाई. घरातले जेवत तेच ती जेवत होती, सणाला तिला नवे कपडे मिळत होते. रोज सकाळी ती दारात माणिकताईंच्या हाती डबा देई, आणि माणिकताई शाळेत जात.

दुपारी तिचा बाप धाकू आला. सोबत धाकटी चंपा होती. चंपाला न्यायला माणिकताईंची मुलगी गंधाली बोरिवलीहून येणार होती. गंधालीचं बाळ सहा महिन्यांचं झालं होतं, रजा संपत आली होती.

धाकूनं बाकावरून हात फिरवला. "आमच्या शाळंचा का ह्यो? चंपे, बस बघू."

चंपा बसली. तिचे पाय जमिनीवर सपाट टेकले. गुडघ्याच्या वर बरोबर दोन बोटांची फट राहिली. ती पाहायला माणिकताईंना वाकावंही लागलं नाही.

"शेवंते," धाकूनं आत हाक मारली, "आता कितवीत म्हणायची गं तू?"

माणिकताईंनी टेप गुंडाळायला घेतली. श्यामकांतांनी वर्तमानपत्र उचललं.

"सातवीत जाईन, आबा," आतून आवाज आला.

धाकूचा चेहरा उजळला. "वाडीत समद्यांना सांगतो मी, साहेब. आपली वरली शाळा चौथीपतूर. पुढं कुनी न्यायचं पोरींना? म्हनलं, चंपी बी ताईवानी मुंबईला शिकंल. अजून दोन घरची मानसं विचारत्यात."

"बघू," श्यामकांत म्हणाले. "आमच्या ग्रुपमध्येही दोघं-तिघं विचारतायत."

माणिकताई चहा टाकायला उठल्या आणि दाराशीच थांबल्या. चंपाही आत गेली होती. दोघी बहिणी जमिनीवर बसून गवार मोडत होत्या.

"बाळ रडलं की लगीच उचलायचं नाय. आदी लंगोट बघायचा."

"बरं. आन् शाळा कदी असती?"

गवारीच्या दोन-चार शेंगा मोडल्या गेल्या.

"जूनमधी म्हनतात. तू इचारू नको. इचारलं की काकूंचं तोंड उतरतं."

"आन् आबानं इचारलं तर?"

"दर जूनला एक यत्ता वाढवून सांगायची. चुकायचं नाय, आबा ध्यानात ठेवतो."

माणिकताईंनी चहा टाकला नाही. त्या बाहेर येऊन बसल्या. एवढ्यात बेल वाजली, तशी चंपा बाहेर आली.

"आई, गाडी गेटमध्येच लावलीय, वॉचमन डोकं खातोय," गंधाली आत येत म्हणाली. "ही ना चंपा? अगं, किती चिमुरडी आहे. चालेल, पटकन शिकेल." मग आईचा चेहरा पाहून ती हसली. "असं काय बघतेस? मी काही तिला नुसती राबवणार नाहीये. शाळेत घालणार आहे. येत्या जूनमध्ये."

तेच शब्द होते आणि म्हणायची तऱ्हाही तीच होती. गंधालीला ते खरंच वाटत होतं. माणिकताईंनाही तेव्हा खरंच वाटलं होतं.

"चंपा, चप्पल घाल," गंधाली म्हणाली.

"थांब," माणिकताई म्हणाल्या. "धाकू, शेवंती सातवीत नाही."

श्यामकांतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "माणिक, आत्ता नको."

"ती मुंबईत आल्यापासून एक दिवसही शाळेत गेलेली नाही. आम्ही तिला घातलंच नाही."

धाकूनं आतल्या दाराकडे पाहिलं. शेवंती तिथे येऊन उभी होती. तिच्या मुठीत गवारीचे देठ होते. "आबा," ती म्हणाली, "ह्यांनी मला कदी मारलं नाय."

धाकूनं चंपाला हाताला धरून स्वतःजवळ ओढलं.

"पुढच्या रविवारी उद्घाटन आहे," श्यामकांत हळू आवाजात म्हणाले. "पत्रकार येणार आहेत. हे बाहेर गेलं तर?"

"जाऊ दे. धाकू, चंपाला परत ने. हा बाक तिच्या मापाचा आहे." मग त्या शेवंतीकडे वळल्या. तिच्या मापाचा बाक वाडीत नव्हता, आता होणारही नव्हता. "आणि धाकू, तुझी नि हिची तयारी असेल तर उद्या शाळेचं ऑफिस उघडलं की मी हिचं नाव घालायला जाणार आहे. मोठ्या बाई विचारतील, इतकी वर्षं ही मुलगी कुठे होती. मी सांगणार आहे, माझ्या घरी कामाला होती."