सात रिकामे चौकोन

यज्ञेशदादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हे विसरायची परवानगी आमच्या घरात कुणालाच नाही. माझा चुलतभाऊ. मी अकरावीत, म्हणून माझ्या प्रोजेक्टला एक 'मार्गदर्शक' हवा असं आमच्या शाळेतल्या त्रिपाठी सरांना वाटलं. मार्गदर्शक आला तो पेनड्राइव्हवर स्वतःचा प्रोग्राम घेऊनच.

प्रोजेक्ट माझा आणि माझ्या वर्गातल्या मुक्ताचा. नावेतून टॉर्चच्या उजेडाने घाटावर आकडे पाठवायचे. उजेडाच्या चार पायऱ्या: बंद, मंद, मध्यम, पूर्ण. म्हणजे शून्य, एक, दोन, तीन. अशा एकेका उजेडाला सिम्बॉल म्हणतात. घाटावर काळ्या कागदाच्या नळीत बसवलेली छोटी सोलर प्लेट तो मोजते. सोपं वाटतं ना? दादालाही वाटलं.

पण पाठवलेल्या उजेडातला किती पोहोचतो, तो हिशेब बदलत राहतो. त्याला गेन म्हणायचं. जवळून पूर्ण उजेड नव्वद दिसतो आणि मध्यम साठ. धुकं आलं की पूर्णच साठ दिसतो. मग समोर साठ आला, तर तो दोन समजायचा की तीन? गेन ठाऊक नसताना उत्तर देणारा माणूस नुसत्या थापा मारतो.

आणि थापा मारण्यात आमचं घराणं तरबेज आहे. पिढ्यान् पिढ्या वेदपाठी. चौघे मिळून म्हणताना एकाचा शब्द निसटला, तर बाकीचे तो भरून काढतात. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणायला बसल्यावर हे छानच. पण आमच्याकडे उठल्यावरही तेच चालतं. 'ऐकू नाही आलं' असं कुणी म्हणतच नाही. गेल्या वर्षी प्रयागराजहून मुंजीचं बोलावणं आलं आणि वार सांगायच्या आत फोन कटला. वेणीमाधवकाकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, परत फोन केला का? छे! 'त्यांच्याकडे सगळं गुरुवारीच असतं,' म्हणाले. आम्ही नऊ जण गुरुवारी लाडवांचे डबे घेऊन पोहोचलो. दाराला कुलूप होतं.

दादाचा प्रोग्राम हुबेहूब काकांवर गेलाय.

माझी पद्धत वेगळी. दर दहा आकड्यांनंतर मुक्ता दोन वेळा पूर्ण उजेड पाठवते. काय पाठवलंय ते आधीच ठाऊक असतं, म्हणून किती पोहोचलं यावरून गेन कळतो. मधल्या काळात फक्त खात्रीचे सिम्बॉल वापरून गेन सुधारायचा. जो आकडा दोन पायऱ्यांच्या मधेच लोंबकळतोय, त्याचं ऐकायचं नाही. तिथे चौकोन रिकामा सोडायचा.

"रिकामा?" दादा हसला होता. "बकू, रिसीव्हरचं काम उत्तर द्यायचं असतं, पेपर कोरा सोडायचं नाही. आणि ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पाठवायची कशाला? एकदा सुरुवातीला बस झालं."

त्याने हे सगळं काकांच्या बैठकीत पंख्याखाली बसून तपासलं होतं. तिथे धुकं येत नाही. तिथे पाहुणेसुद्धा येत नाहीत.

तर सरांनी ठरवलं, रविवारी सकाळी गंगेवरच्या मुन्शी घाटावर दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालवायचे. जो जिंकेल तो लखनौच्या शालेय स्पर्धेला जाईल. दादा कॉलेजातला, त्याला स्पर्धेत उभं राहता येत नाही. म्हणजे तो जिंकला तरी लखनौला बोलणार मीच, पण त्याचं! परीक्षकांसमोर हसऱ्या चेहऱ्याने मी त्याच्या थापा पाठ म्हणून दाखवणार. त्यापेक्षा गंगेत उडी मारलेली परवडली, तीही जानेवारीत.

रविवारी सरांनी चाळीस आकड्यांची चिठ्ठी मुक्ताला दिली आणि एक प्रत स्वतःच्या खिशात ठेवली. मुक्ताची नाव समोरच्या रेतीकडे निघाली. माझा लॅपटॉप पायरीवर, दादाचा त्याच्या मांडीवर, दोन्ही एकाच प्लेटला जोडलेले. त्याच्या डोळ्यांवर गॉगल. धुक्यात गॉगल!

पहिले दहा दोघांचेही भराभर आले. पुढे नाव लांब गेली, नव्वदचे ऐंशी झाले, मग पंचाहत्तर. माझा गेन हळूहळू खाली सरकत होता. दादाचाही हलायचा, पण कसा? मधले ठरलेले पूर्ण उजेड त्याचा प्रोग्राम सोडूनच द्यायचा. येईल त्या आकड्याला तो जवळच्या पायरीवर बसवायचा आणि त्यालाच खरं मानून गेन काढायचा. आधी चूक करायची, मग तीच साक्षीला बोलवायची. शून्य तेवढे त्याचे बरोबर येत होते. पण शून्य कितीही खात्रीचा असला तरी गेनबद्दल काय सांगणार? अंधार जवळूनही अंधार आणि लांबूनही अंधारच.

तेविसाव्या आकड्याला रामनगरच्या बाजूने धुक्याचा लोट आला आणि नाव दिसेनाशी झाली. माझ्या स्क्रीनवर एक रिकामा चौकोन. दुसरा. तिसरा. शेजारी दादाचे आकडे टकाटक पडत होते. सात चौकोन रिकामे गेले, तिसाव्यानंतरचे दोन पूर्ण उजेड आले, गेन सापडला आणि माझे आकडे परत सुरू झाले.

सर दोन्ही स्क्रीनवर वाकले. "यज्ञेश का तो पूरा आया है। बकुळ, तुम्हारे में तो सात गायब!"

"सर, आप मिलाइए तो," मी म्हटलं.

सरांनी खिशातली चिठ्ठी काढली. दादाचे चाळीसपैकी पंधरा चुकले होते. माझे सात रिकामे आणि एक चूक. तेविसावा. धुकं येता येता पूर्ण उजेड अगदी मध्यमच्या जागी येऊन बसला होता आणि मी तो खात्रीचा म्हणून घेतला होता.

दादाने त्यावर झडपच घातली. "बघा सर! खात्रीचा म्हणून घेतला आणि तोच चुकला. मग हिच्या खात्रीला काय अर्थ? सात कोरे, एक चूक. मी निदान प्रयत्न तरी केला."

सर हनुवटी खाजवायला लागले. तेविसावा खरोखरच चुकला होता.

"चुकला," मी म्हटलं. "तो मलाही ओळखता आला नाही. पण दादा, तुझे पंधरा कुठले चुकलेत? सरांच्या हातातली चिठ्ठी न बघता सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे सोपंय रे. चिठ्ठी नसती तर मुक्ताला काय सांगितलं असतंस, कुठले परत पाठव?"

दादाने गॉगल काढला. स्क्रीनकडे बघितलं. चाळीस आकडे, एकाच अक्षरात, एकाच तोऱ्यात. कुणावरही शंकेची खूण नाही.

मी मुक्ताला फोन लावला. "चोवीस ते तीस परत पाठव. आधी दोन पूर्ण."

"माझी बोटं गोठलीत गं!" ती ओरडली, पण तिने पाठवले. सातही चौकोन भरले. सरांनी चिठ्ठीवर बोट ठेवत एकेक मिळवला. सातही बरोबर.

"यज्ञेश," सरांनी विचारलं, "तुम कौन-सा मँगवाओगे?"

"सर, मग सगळेच परत पाठवायला सांगू," दादा म्हणाला.

"सगळे पाठवले तरी तू तसेच वाचणार," मी म्हटलं. "पुन्हा पंधरा चुकणार, आणि पुन्हा कुठले ते कळणार नाही."

सरांनी लखनौचा फॉर्म मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण दातात धरून माझं नाव लिहिलं, खाली मुक्ताचं. दादा लॅपटॉप मिटून पायऱ्या चढायला लागला. वरच्या पायरीवरून म्हणाला, "तेविसावा लक्षात ठेव हं."

"ठेवलाय!" मी ओरडले. खरंच ठेवला होता. नाव काठाला लागायच्या आत मी त्याच्यावरच परत काम सुरू केलं.