भेगेवरची काच

मनोऱ्याच्या भिंतीतल्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी तिने नखाने वाजवून पाहिली. पट्टी पक्की होती. भेग जराशी जरी उघडली, तरी काच तडकणार होती. आणि काच तडकली की घंटा कायमची खाली उतरणार, हे चर्चच्या समितीच्या अध्यक्षांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं चर्च ते. टोकदार कमानी, लाल-पिवळ्या दगडांचे पट्टे, आणि मनोरा तर असा, की बांधणाऱ्याने आभाळाशी पैज लावली असावी. भेग दिसली तेव्हा सगळ्यांनी मनोऱ्याच्या वयावर खापर फोडलं. जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच काम असलेल्या तिने मात्र घंटेच्या लाकडी चौकटीखाली रांगत जाऊन खरा चोर पकडला. चौकट करकरते म्हणून कुणा शहाण्याने ती आणि भिंत यांच्यामध्ये पाचरी ठोकल्या होत्या. घंटेचा प्रत्येक झोका थेट दगडाला धक्का देत होता. तिने झाडून सगळ्या पाचरी काढल्या.

खालच्या दोराच्या खोलीत तिचे बाबा स्टुलावर बसले होते. उभं आयुष्य त्यांनी हीच घंटा वाजवली आणि तिच्यापायी कान गमावले.

"बाबा, आता वाजवणार आहेत!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"मोठ्याने बोल की. जेवली नाहीस का?"

दोर धरून उभ्या असलेल्या दोघांना तिने खूण केली आणि धावत वर गेली.

पहिला टोल पडला. मग दुसरा. वर भेगेपाशी थांबलेल्या अध्यक्षांनी कठडा घट्ट धरला.

"अहो बाई, मनोरा हलतोय!"

"झुलू द्या. झुलतोय म्हणूनच तुटत नाहीये."

म्हणाली खरी, पण तिचाही जीव टांगणीला लागला होता. टोल पडत राहिले. तिने काचेवरून नजर हटवली नाही. काचेवर साधा ओरखडाही उमटला नाही.

"शाबास!" अध्यक्ष लहान मुलासारखे ओरडले. "थांबू नका रे, वाजवत राहा!"

खाली रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत होते. आनंदाने तिला काही सुचेना. ती जिना उतरली कसली, जवळजवळ घसरतच आली.

"बाबा! जिंकलो आपण! काच शाबूत आहे!"

बाबा स्टुलावर नव्हते. दोन्ही तळवे आणि एक गाल भिंतीच्या दगडाला लावून ते डोळे मिटून उभे होते.

"ओरडू नकोस गं," तिचा हात खांद्याला लागताच ते म्हणाले. "ऐकतोय ना मी."