छत्तीस माणसं, दोन म्हशी, एक टेम्पो

यंदाच्या नाताळात दुपारच्या जेवणाआधी आमच्या अण्णांनी प्रार्थनेत वृषालीवहिनीचं नाव घेतलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. अण्णांनी कुणाचंही नाव घेतलेलं नाही, डिसेंबर अजून उजाडायचा आहे, आणि आपण सगळे मे महिन्यात मकासऱ्यांच्या अंगणात घाम पुसत पंगतीला बसलेलो आहोत.

मकासरे म्हणजे आम्ही. संगमनेरहून नऊ किलोमीटरवर आमचं आवार आहे. चुली चार, पण संध्याकाळच्या जेवणाला पंगत एक. माणसं छत्तीस. अण्णा म्हणजे माझे आजोबा, रंभाजी मकासरे, निवृत्त मुख्याध्यापक, वय ब्याऐंशी. पाळक गावाला गेले की चर्चमध्ये उपदेश अण्णा करतात, आणि पाळक गावात असले की त्यांचा उपदेश तपासतात.

इतर ख्रिस्ती घरांत जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते. देवा, अन्नाबद्दल तुझे आभार, आमेन, वाढा. आमच्याकडे अण्णा घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. जो ज्या क्रमानं घरात आला त्या क्रमानं, मग तो जन्मानं येवो नाहीतर लग्नानं. आणि नुसतं नाव घेऊन भागत नाही, प्रत्येकामागं एक मागणी असते. "शांतवनाच्या गुडघ्याला आराम दे. मार्थेच्या जिभेला लगाम दे. मार्थेच्या सुनेला धीर दे." असं करत करत छत्तीस माणसं, मग दोन म्हशी, मग टेम्पो. साध्या दिवशी चौदा मिनिटं, सणाला एकोणीस. आमच्यात अजून कुणी गरम भाजी खाल्लेली नाही. काही पोरांना तर भाजी गरम असते हेच माहीत नाही.

पण त्या यादीची किंमत मोठी आहे. रेशन कार्डावर नाव नसलं तर खेटे घालून येतं. अण्णांच्या प्रार्थनेत नाव नसलं तर माणूस पाहुणाच, मग तो दहा वर्षं राहो.

तर मे महिना. माझा थोरला भाऊ महेंद्र दूध संघात फॅट तपासतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर वृषाली फॅट तपासायची. दोन वर्षं दोघांनी दुधाशिवाय बरंच काही तपासलं आणि रजिस्टर लग्न केलं. वृषाली कर्जतकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिच्याकडं ताट आलं की जेवायचं, इतका साधा हिशेब. तिचे आई-वडील या लग्नावर रुसून बसले होते, आलेच नाहीत. आमच्याकडं कुणाची हरकत नव्हती. अण्णा म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे. बघू."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून फोटोला उभी राहून वहिनी भुकेनं पिवळी पडली होती. पंगत बसली. मटण वाढलं. महेंद्रनं तिला एवढंच शिकवून ठेवलं होतं, "शेवटी आमेन म्हणायचं. सगळे खूश होतात."

अण्णांनी चौदावं नाव घेतलं आणि आवंढा गिळायला थांबले.

"आमेन!" वहिनी म्हणाली. खणखणीत. सासर खूश व्हायला पाहिजे.

आमचं घराणं शिस्तीचं आहे. आमेन ऐकलं की हात आपोआप भाकरीवर जातो, त्यात डोक्याचा संबंध नसतो. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा बावीस माणसं प्रार्थनेविना नळ्या चोखत होती.

अण्णांनी भाकरी मोडली. मुकाट जेवले. पण त्या आठवड्यात राहिलेल्या बावीस जणांवर एकेक संकट कोसळलं. टेम्पोचा क्लच गेला. रूथआत्याचा मिक्सर जळाला. मी एका परीक्षेत नापास झालो, जिचा मी फॉर्मसुद्धा भरला नव्हता. सगळ्यांनी वहिनीकडं बघितलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या यादीत छत्तीस नावं आली, सदतिसावं आलंच नाही.

महिना झाला तेव्हा आक्कानं, म्हणजे माझ्या आजीनं, विषय काढला. "तिचं नाव का घेत न्हाई तुमी? म्हशीचं घेता."

"म्हशीनं मधे आमेन म्हटलं नाही," अण्णा म्हणाले. "आक्का, आमेन म्हणजे काय? प्रार्थना संपली. तिच्या हिशेबानं ती चौदाव्या नावाला संपली. तिचा नंबर सदतिसावा. संपलेल्या प्रार्थनेत मी तिला बसवू कुठं?"

"भुकेली हुती पोरगी."

"भुकेले तर छत्तीसही होते."

आक्का उठून म्हशींना वैरण टाकायला गेली. मुख्याध्यापकाशी लग्न केल्यावर असं होतं.

वहिनी मात्र रोज संध्याकाळी पंगतीत बसायची, डोळे मिटायची आणि ऐकायची. आम्ही बाकीचे त्या चौदा मिनिटांत आपापली कामं उरकतो. श्रीमंतकाका झोपतात. पोरं एकमेकांना चिमटे काढतात. मी मनातल्या मनात क्रिकेट खेळतो, माझी सत्तावीस शतकं झालीत. आपलं नाव आलं की जागं व्हायचं, पुन्हा बंद. वहिनी पहिल्या नावापासून टेम्पोपर्यंत कान टवकारून बसायची. आज येईल. आज आलं नाही. उद्या येईल.

डिसेंबरच्या मध्यावर तिच्या आईचा, साळूबाईंचा, फोन आला. वहिनी अंगणात बोलत होती आणि मी तिथं योगायोगानं बसलो होतो. योगायोगानं मी सगळीकडेच बसलेला असतो.

"व्हय आई, बरी आहे मी. अगं लई चांगली माणसं आहेत. अण्णा तर रोज प्रार्थनेत सगळ्यांचं नाव घेतात." मग जरा थांबून, "माझंही घेतात ना. रोज."

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. तोंड पांढरं.

"करणभाऊजी, आई-बापू दोघं नाताळाला येतायत. बापू म्हणाले, सासऱ्यांच्या वडिलांनी... म्हणजे अण्णांनी तुझं नाव घेतलेलं या कानांनी ऐकायचंय. मग मी राग सोडतो."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर घरी चल म्हणतील. मी जाणार नाही. मग परत कधी बोलणारच नाहीत माझ्याशी."

मी लगेच उपाय सुचवला. तिनं कायद्यानं नाव बदलून 'मार्था' करून घ्यावं, मार्था यादीत आधीच आहे. तिला तो पटला नाही.

महेंद्र अण्णांकडं गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "ते म्हणाले, प्रार्थना ही शिफारशीची जागा नाही."

चोवीस तारखेला आमची मंडळी टेम्पोतून घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरली. तिसऱ्या घराला लाऊडस्पीकर बंद पडला. अण्णांनी त्याची उणीव स्वतःच्या गळ्यानं भरून काढली, एकोणीस घरं. पंचवीस तारखेला सकाळच्या उपासनेला त्यांनी तोंड उघडलं तर सायकलच्या व्हॉल्व्हमधून निघतो तसा आवाज आला. डॉक्टरांनी दोन दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. अण्णांनी माळ्यावरून शाळेची पाटी काढली आणि गळ्यात पेन्सिल बांधली.

दुपारी एकला सहादेव आणि साळूबाई कर्जतहून पोचले. सहादेवबापू म्हणजे सव्वासहा फूट, पांढरा सदरा, चेहऱ्यावर मोजणीला आलेल्या माणसाचे भाव.

"जय ख्रिस्त," अण्णांनी पाटीवर लिहून दाखवलं.

"राम राम," बापूंनी पाटीला हात जोडले.

अंगणात पंगत बसली. मटणाचा वास रस्त्यापर्यंत गेला होता, रस्त्यावरून जाणारे गाडीचा वेग कमी करत होते. सगळ्यांनी डोळे मिटले. मग उघडले, कारण आवाज येईना. अण्णा पाटी दाखवत होते. "श्रीमंत, तू कर."

श्रीमंतकाका म्हणजे अण्णांचे दुसरे चिरंजीव. ते गेली चाळीस वर्षं या प्रार्थनेत झोपलेत. उठले, घसा साफ केला. "हे स्वर्गीय बापा... अण्णांना... आईला... शांतवनाला... मग... मग आपलं ते..." नऊ नावं ओढूनताणून काढली आणि म्हणाले, "आणि बाकी जे कोण असतील त्यांना."

भागूबाईकाकू वाढायचा डाव घेऊन उभ्या राहिल्या. त्या श्रीमंतकाकांच्या बायको.

"बाकी जे कोण असतील?"

"अगं, तुझं येतच होतं..."

"चौतीस वर्सं झाली, अजून येतंय व्हय?" असं म्हणून काकूंनी त्यांच्या ताटातल्या दोन नळ्या उचलल्या आणि शांतवनकाकांच्या ताटात टाकल्या.

मग महेंद्र उठला. तो आधुनिक आहे. त्यानं 'मकासरे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपची यादी उघडली आणि वरून वाचायला सुरुवात केली. पण गुड मॉर्निंगच्या फुलांवरून झालेल्या भांडणात तिघं ग्रुप सोडून गेले होते. ते तिघं समोरच बसले होते.

"म्हंजे आमाला आता देवानं बी काढलं का ग्रुपातनं?" त्यातले एक म्हणाले.

"आक्का, तूच कर," कुणीतरी ओरडलं.

"मी न्हाई बया. मी सगळ्यांना 'ए' म्हणून हाक मारती. कुणाचं नाव काय मला काय ठावं?"

मटणावरची तर्री थिजायला लागली. सहादेवबापू आधी ताटाकडं, मग बायकोकडं बघत होते. "हे रोजच असं असतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"गप बसा," साळूबाई म्हणाल्या. "धर्माचं काम हाय."

तेवढ्यात वहिनी उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले.

"हे प्रभू परमेश्वरा," ती म्हणाली, "या रंभाजी पाप्याला क्षमा कर."

ही अण्णांची पहिली ओळ होती. त्यांच्याच चालीत, त्यांच्याच हेलात. मग आक्का, तिचा मोतीबिंदू. शांतवन, त्याचा गुडघा. मार्थेची जीभ. मार्थेच्या सुनेचा धीर. भागूबाईकाकूंचं नाव आलं तेव्हा काकूंनी डाव खाली ठेवला. चौदाव्या नावानंतर वहिनी थांबली आणि आवंढा गिळला, जसे अण्णा गिळतात. छत्तीस माणसांनी श्वास धरला. एकही हात भाकरीकडं गेला नाही. मग पंधरावं नाव आलं.

मी त्या दिवशी पहिल्यांदा ती प्रार्थना जागा राहून ऐकली. माझ्यासाठी अण्णा रोज काय मागतात ते मला तेव्हा कळलं. ते इथं सांगणार नाही.

छत्तिसावं नाव रूथआत्याच्या नातवाचं, तेही झालं. मग दोन्ही म्हशींचं दूध, मग टेम्पो, त्याच्या 'एमएच सतरा'पासूनच्या पूर्ण नंबरासकट. सात महिने जिचं नाव यादीत नव्हतं, तिला ती यादी सबंध पाठ होती. आपलं नाव कुठं येतंय हे बघायला दुसऱ्या कुणी इतकं नीट ऐकलंच नव्हतं.

टेम्पोनंतर वहिनी थांबली. आता आमेन म्हणायचं होतं, ते तिच्यानं म्हणवेना.

"वृषे," साळूबाई म्हणाल्या, "तुजं राह्यलं की गं."

सहादेवबापूंनी मान वर केली.

"माझं अण्णा घेतात, आई," वहिनी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

आता सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी पाटी उचलली. पेन्सिल धरली. काहीतरी लिहायला सुरुवात केली, मग हातानंच पुसून टाकलं आणि पाटी मांडीखाली सारली. उभे राहिले. तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. पाणी यायच्या आधी हापसा करतो तसा आवाज झाला.

"डॉक्टरनं सांगितलंय ना..." आक्का म्हणाली. अण्णांनी तिला हातानंच गप्प केलं.

"वृ... षाली," ते म्हणाले. खरखरीत, फाटलेलं, पण अंगणाच्या टोकाला ऐकू गेलं. मग श्वास घेऊन, "प्रभू, हे तुला माहीतच आहे. मला... सात महिने उशीर झाला."

मुख्याध्यापकानं उशीर झाल्याचं कबूल केलेलं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. श्रीमंतकाकांनी तर भागूबाईकाकूंचा हातच धरला, काकूंनी तो सोडवून घेतला. आमेन सगळ्यांनी एकदम म्हटलं. वहिनी रडत होती आणि महेंद्र तिच्या ताटात मटणामागून मटण वाढत होता. त्याला सांत्वनाचा दुसरा प्रकार येत नाही.

बापू दोनदा जेवले. तिसऱ्यांदा भात घेताना ते अण्णांकडं झुकले. "रंभाजीराव, लई ब्येस काम हाय तुमचं. नावं घेऊन मागता. आमचं बी घालाल का त्यात? आमी दोघं, माजे चार भाऊ, त्यांची पोरं, आन दोन बैल."

अण्णांचा घसा गेलेला. नाही म्हणायलाही आवाज लागतो. त्यांनी मान डोलावली.

बापूंनी घरी पोचल्या पोचल्या फोनवरून यादी धाडली. सव्वीस माणसं, दोन बैल, एक विहीर. अण्णांचा आवाज सत्तावीस तारखेला परत आला. आता आधी ते आमची यादी घेतात, मग वहिनी कर्जतची घेते. विहिरीला पाणी मागताना ती जरा रेंगाळते.

तेव्हापासूनच्या परिस्थितीचा विचार करून मी खालील अर्ज पाटीवर मावेना म्हणून कागदावर लिहून अण्णांच्या चष्म्याच्या घरात ठेवला आहे.

प्रति,
मा. श्री. रंभाजी मकासरे (अण्णा), मु. पो. आपलंच घर.

विषय: प्रार्थनेच्या तालुकानिहाय विभागणीबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, संगमनेर व कर्जत तालुक्यांची एकत्रित प्रार्थना सध्या एकतीस मिनिटे चालते. त्यामुळे कालवणाची प्रत खालावली असून कालच्या पिठल्याच्या वड्या पडल्या. तरी दोन तालुक्यांच्या दरम्यान अर्जदारास एक भाकरी खाण्यापुरती सुट्टी मंजूर व्हावी, व सदर सुट्टीत खाल्लेली भाकरी प्रार्थनेविना खाल्ली असे धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
करण मकासरे, अनुक्रमांक एकोणतीस.

प्रत माहितीस्तव सविनय सादर: स्वर्गीय पिता.