तोदोरोकीबाईंचा होकार

"तो होकार माझाच आहे. मागे घेते," तोदोरोकीबाई म्हणाल्या.

निशिवाकीसाहेबांचा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला. तीन वाजता तपासनीस यायचे होते. संगणकाच्या पडद्यावर चारशे बारा ओळी हिरव्यागार होत्या, आणि बाईंनी त्यातली एक लाल करून टाकली.

हामामात्सूच्या आमच्या कारखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनतात. पेटीनं काय काय करायला हवं, त्या प्रत्येक मागणीला तिची चाचणी संगणक शोधून देतो. पण तो नुसता सुचवतो. हो की नाही, ते माणसानं सांगायचं. आमच्याकडे एकतीस वर्षं ते बाई सांगत आल्या.

"काल ओळीनं दोनशे जोड्या बरोबर निघाल्या. मग बोट आपोआपच 'हो' दाबायला लागलं," बाई म्हणाल्या. "मागणी आहे, बाळाच्या अंगावरचा तापमापक निसटला तर दहा सेकंदांत भोंगा वाजावा. पुढे जोडलीय तापमापक बिघडल्याची चाचणी. निसटल्याची कुणी घेतलेलीच नाही."

"अहो, बिघडला काय नि निसटला काय, भोंगा तोच ना!" साहेब वैतागले. "दोन महिन्यांनी निवृत्त होताय. आपलीच चूक कशाला चव्हाट्यावर मांडायची?"

"निसटलेला तापमापक अंगाचा नाही, भोवतालच्या हवेचा आकडा देतो, साहेब. पेटीला वाटतं, लेकरू गारठलं. मग ती आणखी तापते."

माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. मी उठून चाचणीच्या खोलीची किल्ली घेतली.

आम्ही तिघं तिकडे गेलो. पेटीत बाळाच्या मापाची बाहुली होती. बाईंनी तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, मगच आत हात घातला.

"बाहुली आहे हो ती," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही मोजा."

त्यांनी तापमापक अलगद सोडवला. साहेब मोजू लागले. दहा. वीस. चाळीसपर्यंत त्यांचा आवाज पार खाली गेला होता. पेटी मुकाट तापत होती.

"तपासनिसांना फोन लाव, पोरी," ते मला म्हणाले. "म्हणावं, आज नाही."

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. वरच्या मजल्यावरून बोलणी खाल्ली ती साहेबांनी. जुना होकार नोंदीतून पुसू का, असं मी बाईंना विचारलं.

"राहू दे. पुढच्या माणसाला कळेल, कुठे डुलकी लागते ते."

दहाव्या दिवशी तपासनिसांसमोर बाईंनी पुन्हा हात ऊन केले आणि तापमापक सोडवला. सातव्या सेकंदाला भोंगा असा कडाडला की भिंतीपलीकडची माणसं दारात गोळा झाली. सगळ्यांदेखत साहेब बाईंसमोर कमरेतून वाकले आणि काहीतरी बोलले.

"काय?" बाई ओरडल्या. "मोठ्यानं बोला!"

साहेब पुन्हा बोलले. तेही ऐकू आलं नाही. भोंगा बंद करायला मात्र कुणीच हात पुढे करेना.